रेशमाच्या पडद्यावर डीएनए बांधून सीरममधल्या अँटिबॉडी काढणे: गोव्यातल्या प्रयोगशाळेसाठी सविस्तर कृती

ल्युपस या आजारात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते. त्याच्या अनेक रुग्णांच्या रक्तात स्वतःच्याच दुपदरी डीएनएविरुद्ध अँटिबॉडी तयार होतात. डीएनएशी जुळून त्यांचे जे गुंते बनतात ते मूत्रपिंडाच्या गाळण्यांत अडकतात आणि तिथे दाह सुरू होतो. रक्तद्रव बदलण्याच्या उपचारात ही अँटिबॉडी निघते खरी, पण तिच्याबरोबर संसर्गापासून वाचवणाऱ्या बाकीच्या अँटिबॉडीही जातात. म्हणून डीएनएच गळ म्हणून लावायचा आणि नेमकी तीच अँटिबॉडी ओढून घ्यायची, ही कल्पना पुढे आली. डेव्हिड टर्मन आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये कोलोडियन (नायट्रोसेल्युलोजचा पातळ थर) लावलेल्या कोळशावर डीएनए बसवून ल्युपसच्या रुग्णावर ती वापरून पाहिली.

इथे दिलेली कृती प्रथिनाच्या पातळ पडद्यावर डीएनए रासायनिक बंधाने बांधण्याची आहे, आणि ती फक्त प्रयोगशाळेतल्या चाचणीसाठी आहे. असा पडदा रुग्णाच्या रक्ताला लावायचा नाही. भारतात त्यासाठी वैद्यकीय उपकरण नियम २०१७ आणि जैवसुसंगतीच्या चाचण्यांचा वेगळा, लांबचा रस्ता आहे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण पुढची प्रत्येक पायरी तिच्याशी बांधलेली आहे. पडद्यावर किती डीएनए बसला याला दुय्यम महत्त्व आहे. बसलेला डीएनए सुटतो का आणि तो दुपदरी राहिला आहे का, हे दोन प्रश्न खरे. सुटा डीएनए रक्तात गेला तर ज्या गुंत्यांपासून सुटका हवी तेच आपण हाताने तयार केले असे होईल. शिवाय सुटलेला डीएनए चाचणीलाही फसवतो. ते कसे, हे शेवटच्या भागात येईल.

पडद्यासाठी रेशीमच का

जिलेटिनचा पडदा कोमट पाण्यात विरघळतो. त्याला जोडक लावून पक्के केले, तर ज्या अमीन गटांना डीएनए बांधायचा तेच त्यात खर्च होतात. कोलॅजेन चांगले, पण महाग. तुतीच्या रेशमातले फायब्रोइन ओले असतानाही मजबूत राहते, फुगत नाही आणि कच्चा माल जवळ मिळतो. कर्नाटकातल्या रामनगरची कोषबाजारपेठ गोव्यापासून एका दिवसाच्या प्रवासावर आहे. फायब्रोइनची अडचण एकच: त्यात हजार अमिनो आम्लांमागे लायसीन, म्हणजे मोकळा अमीन गट असलेले आम्ल, जेमतेम दोन-तीन. म्हणजे बांधायला खुंट्याच नाहीत. त्या आपण ठोकायच्या आहेत.

फायब्रोइनचे द्रावण

कोष कापून आतली अळी आणि कात काढून टाका. ५ ग्रॅम तुकडे घ्या. २ लिटर पाणी उकळी येईपर्यंत तापवा, त्यात ४.२४ ग्रॅम निर्जल सोडियम कार्बोनेट विरघळवा, तुकडे टाका आणि बरोबर ३० मिनिटे उकळत ठेवा. सेरिसिन नावाचा डिंक यात निघून जातो. वेळ वाढवली तर फायब्रोइनच्या साखळ्या तुटतात आणि पडदा ठिसूळ होतो. कमी केली तर उरलेला सेरिसिन पुढे कोणतीही प्रथिने चिकटवून घेतो. धागे १ लिटर शुद्ध पाण्यात २०-२० मिनिटे तीनदा धुवा, घट्ट पिळा आणि रात्रभर वाळवा. साधारण साडेतीन ग्रॅम हाती लागते.

वाळवण्याबाबत गोव्यात सावध राहावे लागते. आषाढ-श्रावणात उघड्या टेबलावर ठेवलेले रेशीम हाताला कोरडे लागते, पण हवेतला ओलावा त्याने धरलेला असतो आणि वजन खोटे येते. धागे सिलिका जेलच्या डेसिकेटरमध्ये ठेवून लागोपाठ दोन वजने जुळली की मगच पुढे जा.

विरघळवायला ९.३ मोलर लिथियम ब्रोमाइड लागते. २० मिली द्रावणासाठी १६.१५ ग्रॅम. विरघळताना ते तापते, म्हणून भांडे बर्फात धरा. १ ग्रॅम रेशमाला ४ मिली या मापाने द्रावण धाग्यांवर ओता आणि ६० अंश सेल्सिअसला ४ तास ठेवा. शेवटी मधासारखे पिवळसर, पारदर्शक आणि दाट दिसले पाहिजे. चार तासांनंतरही धागे दिसत असतील तर जवळपास नेहमीच दोष लिथियम ब्रोमाइडचा असतो. हे मीठ पाणी ओढते. बरणी पावसाळ्यात दोन-चारदा उघडली की वजनात पाण्याचाच वाटा मोठा होतो आणि द्रावण ९.३ मोलर राहत नाही. भट्टीत वाळवलेले किंवा नव्या बरणीतले मीठ घ्या.

मग ३.५ किलोडाल्टनच्या (त्याहून लहान रेणूच बाहेर जाऊ देणाऱ्या) डायलिसिस नळीत भरून भरपूर शुद्ध पाण्यात ४८ तास ठेवा आणि पाणी किमान सहा वेळा बदला. ढवळणी हलकी ठेवा. जोरात फिरवल्यास फायब्रोइन नळीतच गोठते. मिनिटाला ९००० फेऱ्यांवर ४ अंशाला २० मिनिटे, असे दोनदा सेंट्रिफ्यूज करून गाळ टाका. अर्धा मिली द्रावण वजन केलेल्या बोटीत ६० अंशाला वाळवून टक्केवारी काढा. ६ ते ८ टक्के येते. ४ अंशाला हे काही आठवडे टिकते. दुधाळ झाले की टाकून द्या.

पडदा ओतणे

द्रावण पाण्याने ४ टक्क्यांवर आणा आणि ३५ मिमीच्या पॉलिस्टायरीन पेट्री डिशमध्ये १ मिली ओता. बुडबुडे सुईने काढा. ४० मिलिग्रॅम फायब्रोइन ९ चौरस सेंटीमीटरवर पसरले की वाळल्यावर जाडी तीसेक मायक्रोमीटर येते. डिश पाणपातळीने तपासलेल्या सपाट जागी, वातानुकूलित खोलीत आर्द्रता ५० ते ६० टक्के ठेवून वाळवा. भर पावसात उघड्या खोलीत तीन दिवस लागतात आणि तोवर बुरशीचे ठिपके उठतात.

वाळलेला पडदा अजून पाण्यात विरघळतो. त्यावर ९० टक्के मिथेनॉल ओतून ३० मिनिटे ठेवा. उरलेले १० टक्के पाणी मुद्दाम ठेवलेले आहे. साखळ्यांना सरकून घडी घालायला त्याची गरज लागते. पडदा बहुधा आपोआप सुटून येतो. तीनदा पाण्याने धुवा. मग एक तुकडा ३७ अंशाच्या पाण्यात २४ तास ठेवून त्या पाण्याचे २८० नॅनोमीटरला वाचन घ्या. वाचन कोऱ्या पाण्यापेक्षा ठळक वर आले तर मिथेनॉलची पायरी पुन्हा करा. असा पडदा पुढे नेला तर डीएनए पक्का बांधलेला असूनही प्रथिनासकट सुटून जातो.

पडदा कापायचा तो ओला असतानाच. कोरडा काचेसारखा तडकतो.

खुंट्या ठोकणे: अमीन गट

फायब्रोइनमध्ये हजारामागे दहाएक आम्लगट असतात. त्यांना एथिलीनडायअमीन जोडले की प्रत्येकाच्या टोकाला अमीन येते.

एका पडद्यासाठी ०.१ मोलर एमईएस बफर, पीएच ६.०, ५ मिली घ्या. त्यात ४८ मिलिग्रॅम ईडीसी (आम्लगटाला जागे करून अमीनशी जोडणारे रसायन) आणि १४ मिलिग्रॅम एनएचएस (त्याला मदत करणारे) टाका, पडदा बुडवा आणि २० मिनिटे हलवत ठेवा. थंड बफरमध्ये झटकन एकदा बुचकळा आणि लगेच १ मोलर एथिलीनडायअमीनमध्ये टाका, पीएच ८.०, २ तास. हे द्रावण आधीच तयार असावे: १० मिलीसाठी ०.६७ मिली एथिलीनडायअमीन, हायड्रोक्लोरिक आम्लाने पीएच खाली आणताना बर्फात आणि धूरकपाटातच. वाफा डोळ्यांना आणि श्वासाला झोंबतात, आणि आम्ल पडताच द्रावण उसळते. रेणू लहान आणि मात्रा भरपूर ठेवायची, म्हणजे त्याची दोन्ही टोके पडद्यातच अडकत नाहीत.

पाण्याने सहा वेळा धुतल्यावर एका कोपऱ्यावर निनहायड्रिन (अमीन असेल तिथे जांभळे होणारे रसायन) टाकून गरम करा. कोऱ्या पडद्यापेक्षा जांभळा रंग स्पष्ट गडद हवा.

बरेच जण इथे पॉलिलायसीनचा थर देतात. तो टाळावा असे आमचे स्पष्ट मत आहे. त्याच्या दाट धनभारावर डीएनए नुसता चिकटतो, बांधला जात नाही, आणि मोजणीत मात्र उत्तम आकडा दिसतो. मिठाचे प्रमाण बदलले की तो सुटायला लागतो.

ईडीसीबद्दल एक नियम भिंतीवर लावून ठेवावा: उणे २० अंशातून काढलेली बाटली डेसिकेटरमध्ये तासभर ठेवून खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडायची नाही. आपल्या हवेत थंड बाटली उघडताच आत दव धरते आणि उरलेली सगळी पूड हळूहळू निकामी होते. पुढच्या महिन्यात काहीच का बांधले जात नाही याचा शोध मग भलतीकडेच सुरू होतो.

डीएनएची तयारी

वासराच्या थायमसचा डीएनए २ मिलिग्रॅम प्रति मिली या प्रमाणात ट्रिस-ईडीटीए बफरमध्ये ४ अंशाला रात्रभर फुगू द्या. मग बर्फात ठेवून सोनिकेट करा, म्हणजे ध्वनिलहरींनी तुकडे करा, १० सेकंद चालू आणि ३० सेकंद बंद. अ‍ॅगारोज जेलवर धूसर पट्टा ५०० ते १००० बेस-जोड्यांदरम्यान दिसला की थांबा. ६०० जोड्यांचा तुकडा साधारण २०० नॅनोमीटर लांब असतो, म्हणजे पडद्यापासून वर तरंगून अँटिबॉडीला दोन्ही हातांनी धरता येईल इतका मोठा. या अँटिबॉडींची घट्ट पकड बहुतेक वेळा दोन्ही हातांची असते आणि त्यासाठी चाळीसेक जोड्यांची सलग लांबी लागते. फार बारीक कुटलेला डीएनए म्हणूनच कुचकामी ठरतो.

सोनिकेशनने टोके फाटतात आणि एकपदरी शेपट्या राहतात. एस१ न्यूक्लिएज या एकपदरी डीएनए कापणाऱ्या विकराने, त्याच्याच बफरमध्ये, ३७ अंशाला ३० मिनिटे त्या छाटा. ईडीटीए (धातूंचे आयन धरून ठेवणारे रसायन) घालून क्रिया थांबवा, फिनॉल-क्लोरोफॉर्मने साफ करा आणि एथेनॉलने डीएनए खाली बसवा. ही छाटणी सोडू नका. ईडीसी जोडी नसलेल्या ग्वानीन आणि थायमीनवर हल्ला करते, जोडीत असलेल्यांना सहसा हात लावत नाही.

बसलेला डीएनए ७० टक्के एथेनॉलने दोनदा धुवा आणि शुद्ध पाण्यात विरघळवा. ट्रिसमध्ये मुळीच नाही. ट्रिसमध्ये स्वतःचे अमीन आहे, ईडीटीएमध्ये आम्लगट आहेत आणि फॉस्फेट बफरमध्ये फॉस्फेट. हे तिघेही ईडीसी खाऊन टाकतात. ‘सगळे बरोबर केले, तरी डीएनए बसत नाही’ या तक्रारीचे सर्वात सामान्य कारण हेच.

दोन वाचने घ्या. २६० आणि २८० नॅनोमीटरचे गुणोत्तर १.८ च्या आसपास हवे. २६० ला १ वाचन म्हणजे ५० मायक्रोग्रॅम प्रति मिली. मग थोडा नमुना ९५ अंशाला तापवून तिथेच २६० चे वाचन पुन्हा घ्या. दुपदरी डीएनए उलगडला की ते ३५ ते ४० टक्क्यांनी वाढते. वाढ २५ टक्क्यांखाली असेल तर बराचसा डीएनए आधीच एकपदरी झालेला आहे. तो वापरू नका.

बांधणी

१-मिथाइल-इमिडॅझोलचे १० मिलिमोलर द्रावण, पीएच ७.०, तयार करा. १०० मिलीमध्ये ८२ मिलिग्रॅम. त्यात डीएनए १०० मायक्रोग्रॅम प्रति मिली करून एका पडद्यासाठी ३ मिली घ्या. ऐन वेळी ११५ मिलिग्रॅम ईडीसी टाका, म्हणजे ०.२ मोलर. पट्टीने पीएच पाहून लागल्यास ७ वर आणा. ईडीसी डीएनएच्या टोकाच्या फॉस्फेटला जागे करते आणि पडद्यावरचे अमीन त्याला फॉस्फोरअमिडेट बंधाने धरते.

प्लास्टिकच्या खळग्यांच्या प्लेटवर डीएनए बांधण्याच्या प्रचलित कृतींत हे ५० अंशाला ५ तास करतात, पण त्या मुख्यतः एकपदरी तुकड्यांसाठी आहेत. इतक्या कमी मिठात या डीएनएचा उलगडण्याचा बिंदू ६५ अंशांच्या आसपास उतरतो आणि ५० ला टोके उघडू लागतात. म्हणून ३७ अंशाला ५ तास ठेवा, तेवढेच ताजे ईडीसी पुन्हा घाला आणि २५ अंशाला रात्रभर झाकून ठेवा.

चार पडदे एकदम चालवा. ‘अ’ पूर्ण कृतीचा. ‘ब’ मध्ये डीएनए आहे पण ईडीसी नाही. ‘क’ मध्ये ईडीसी आहे पण डीएनए नाही. ‘ड’ हा ‘अ’सारखाच, पण शेवटी डीएनेज-१ या डीएनए तोडणाऱ्या विकराने (१०० युनिट प्रति मिली, ५ मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड, ३७ अंश, २ तास) सोललेला. या चौघांशिवाय पुढच्या एकाही आकड्याला अर्थ नाही.

धुणे, आणि पुन्हा धुणे

बांधणीला एक दिवस लागतो, धुण्याला दोन दिवस द्या. १० मिलिमोलर फॉस्फेट बफर, पीएच ७.४, त्यात १ मोलर मीठ आणि ०.१ टक्का ट्वीन-२०. यात ३७ अंशाला ३०-३० मिनिटे सहा वेळा, मग रात्रभर एकदा. भाराने चिकटलेला डीएनए मिठाने सुटतो. प्लेटच्या कृतींत कॉस्टिक सोड्याची धुलाई सांगितलेली असते. ती इथे केली तर दोन पदर सुटे होऊन एक वाहून जाईल.

प्रत्येक धुणावळीतला थोडा भाग पिकोग्रीनने (दुपदरी डीएनएला चिकटून चमकणारा रंग) मोजा. ‘अ’ आणि ‘ब’ दोन्हींतला सुटणारा डीएनए शेवटच्या धुण्यात कोऱ्या बफरच्या पातळीला आला पाहिजे. ‘ब’ पडद्यावर तरीही डीएनए उरत असेल तर पडद्याचा धनभार जास्त आहे. उरलेली अमीन टोके मग बंद करा: सल्फो-एनएचएस-अ‍ॅसिटेट २० मिलिमोलर (३ मिलीत १५.५ मिलिग्रॅम), बायकार्बोनेट बफर, पीएच ८, १ तास. त्यानंतर मिठाची धुलाई आणखी दोनदा.

बसलेला डीएनए मोजायला ‘घातला तेवढ्यातून उरला तेवढा वजा’ हा हिशोब धरू नका. बाष्पीभवन आणि डिशला चिकटलेला भाग त्यात मिसळतो. पडद्याचा मोजलेला तुकडा ०.५ मोलर परक्लोरिक आम्लात ७० अंशाला २० मिनिटे ठेवा आणि बर्टन यांची १९५६ ची डायफिनाइलअमीन पद्धत वापरा: एका भागाला दोन भाग अभिकर्मक, ३० अंशाला रात्रभर, वाचन ६०० नॅनोमीटरला. कोरे वाचन ‘क’ पडद्याचे घ्या, कारण फायब्रोइनही थोडा रंग देते.

सीरमवर चाचणी

रुग्णांचे सीरम हवे असेल तर बांबोळीचे गोवा मेडिकल कॉलेज असो वा दुसरे रुग्णालय, नैतिकता समितीची मंजुरी आणि रुग्णाची लेखी संमती आधी. नमुने एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी-सी साठी तपासलेले असावेत, आणि वापरलेले पडदे जैववैद्यकीय कचरा नियम २०१६ प्रमाणे जावेत.

सीरमला १० मिलिमोलर ईडीटीए घालाच. सीरममध्ये डीएनेज असते. कॅल्शियम-मॅग्नेशियम मिळाले की ते पडद्यावरचा डीएनए कुरतडते आणि तुम्हाला वाटते की बंध कच्चा आहे. शिवाय डीएनएला चिकटणाऱ्या सी१क्यू या पूरक प्रथिनाच्या पुढच्या साखळीलाही ईडीटीए आवर घालते.

ओल्या पडद्यातून ८ मिमीच्या पंचने चकत्या काढा. दोन्ही बाजू मिळून १ चौरस सेंटीमीटर. सपाट पृष्ठभागावर आयजीजीचा (रक्तातल्या मुख्य प्रकारच्या अँटिबॉडीचा) एकेरी थर चौरस सेंटीमीटरला ०.२ ते ०.३ मायक्रोग्रॅम इतकाच मावतो, त्यामुळे एका चकतीला फार काम सांगू नका. सीरम १० पट पातळ करा (फॉस्फेट-सलाइन, ईडीटीए, ०.०५ टक्का ट्वीन-२०) आणि ४८ खळग्यांच्या प्लेटमध्ये ३०० मायक्रोलिटर घाला. मिठाचे प्रमाण शरीराइतकेच राहू द्या; कमी मिठात कोणतीही अँटिबॉडी भाराने चिकटते. चकत्या आधी १ टक्का मानवी अल्ब्युमिनमध्ये तासभर भिजवा. गायीचे अल्ब्युमिन नको, काही सीरममध्ये त्याच्याविरुद्धच अँटिबॉडी असतात.

०, १५, ३०, ६० आणि १२० मिनिटांनी २० मायक्रोलिटर काढून तीन गोष्टी मोजा: दुपदरी डीएनएविरुद्धची अँटिबॉडी (एलायझा, म्हणजे डीएनए लावलेल्या प्लेटवर किती अँटिबॉडी धरली जाते ते रंगाने मोजणारी चाचणी), एकूण आयजीजी आणि संबंध नसलेली एखादी अँटिबॉडी, उदाहरणार्थ धनुर्वाताविरुद्धची. ‘अ’ मध्ये पहिली उतरावी, बाकी दोन जवळपास स्थिर राहाव्यात. ‘क’ आणि ‘ड’ मध्ये काहीच उतरू नये. तिन्ही सारख्याच उतरल्या तर पडदा चिकट आहे, अमीन बंद करण्याच्या पायरीकडे परत जा.

आता ती फसवणूक. पडद्यातून डीएनए सुटत असेल तर तो सीरममध्येच अँटिबॉडींचे हात भरून टाकतो. एलायझाच्या प्लेटवरच्या डीएनएला धरायला मोकळा हात उरत नाही आणि आकडा झपकन खाली येतो. अँटिबॉडी मात्र द्रवातच असते, आता गुंत्याच्या रूपात. हा निकाल यशासारखाच दिसतो, आणि बांधणी जितकी कच्ची तितका जास्त चांगला दिसतो.

ती पकडण्याचे दोन मार्ग आहेत, दोन्ही करा. पहिला: चाचणीनंतरच्या द्रवात ईडीटीएपेक्षा जास्त होईल इतके मॅग्नेशियम आणि थोडे कॅल्शियम घालून डीएनेज-१ ने ३७ अंशाला तासभर उपचार करा, मग ईडीटीएने ते थांबवून एलायझा पुन्हा लावा. आकडा परत वर चढला तर अँटिबॉडी निघालीच नव्हती. दुसरा: चकती तीनदा धुऊन ०.१ मोलर ग्लायसीन, पीएच २.५, मध्ये ५ मिनिटे ठेवा, द्रव लगेच ट्रिसने उदासीन करा आणि त्यात अँटिबॉडी मोजा. सीरममधून जितकी गेली त्याचा बराचसा भाग इथे सापडायला हवा. आम्लाने डीएनएतले प्युरीन गळतात, म्हणून ती चकती पुन्हा वापरू नका.

गळती स्वतंत्रपणेही मोजा: चकती फॉस्फेट-सलाइनमध्ये ४ टक्के अल्ब्युमिनसह ३७ अंशाला २४ तास हलवत ठेवून पिकोग्रीन. मोजणीचा कोरा नमुनाही त्याच अल्ब्युमिनचा हवा, आणि आकडा चौरस सेंटीमीटरमागे नॅनोग्रॅममध्ये लिहा. नुसते ‘गळती नाही’ लिहिले तर दुसऱ्याला आपल्या पडद्याशी तुलना करता येत नाही.

साठवण

पडदे ओलेच ठेवा: फॉस्फेट-सलाइन, १ मिलिमोलर ईडीटीए, ०.०२ टक्का सोडियम अझाइड, ४ अंश. वापरण्याआधी अझाइड नीट धुऊन काढा. पावसाळ्यात वीज गेल्यावर फ्रिज किती वेळ बंद होता याची नोंद डब्यावरच करा आणि महिन्यातून एकदा एका चकतीची गळती तपासा. निर्जंतुक करायचे झाले तर ऑटोक्लेव्ह डीएनएचे पदर उलगडतो, गॅमा किरण साखळ्या तोडतात आणि एथिलीन ऑक्साइड डीएनएच्या बेसनाच जाऊन चिकटतो. त्यामुळे सगळी द्रावणे ०.२२ मायक्रोमीटरच्या गाळणीतून काढून बांधणीपासूनच स्वच्छ कपाटात काम करा.